नटावरची तांबडी रेघ

शारजा, ११ ऑगस्ट २००७

शिवा,

फोन दोनदा लावला. दोन्ही वेळा माझा आवाज ऐकताच तू ठेवलास. पत्राचं तसं नाही, ते फाडावं लागतं, आणि कागद फाडायला तुझा हात व्हायचा नाही. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागदसुद्धा तू चित्र काढायला जपून ठेवायचास. म्हणून हा बेत.

भांडण उकरायला लिहीत नाही. एक गंमत सांगायची आहे आणि ती समजेल असा दुसरा माणूस मला माहीत नाही. इथल्या कंपनीने गेल्या महिन्यात नवीन गाड्या आणल्या. जर्मन. माझ्या वाट्याला एक आली. तिला वेग सांगून ठेवायचा, ऐंशी म्हटलं की ऐंशी. पायाने काही दाबायचं नाही. पुढे दुसरी गाडी आली की ही आपणहून हळू होते, अंतर ठेवून मागे मागे जाते, आणि ती गेली की परत ऐंशी. पुढचा एकदम थांबला तर ही आधी बोंबलते, आणि तरी मी ढिम्म राहिलो तर स्वतःच ब्रेक मारते. चाळीस टनांची गाडी, शिवा! पुढच्या बंपरमागे ताटलीएवढी एक पेटी आहे. तिच्यातून म्हणे लाटा जातात आणि समोर आपटून परत येतात.

पहिल्या दिवशी मी दोन्ही पाय पोटाशी घेऊन बसलो होतो. पायांना काही कामच नव्हतं.

तू असतास तर पहिल्याच दिवशी बंपर खोलला असतास. म्हणून तुझी आठवण झाली, दुसरं काही नाही.

पिंगुळी तिठ्यावरचं तुझं गॅरेज बंदच आहे असं सुगंधा कळवते. माझी बहीण काही लपवत नाही, तुला माहीत आहे. तू गोव्यात होड्यांच्या कारखान्यात लागलास आणि शनिवार-रविवारी घरी येतोस. लोक अजून तुला ‘ब्रेकफेल शिवा’ म्हणतात हेही तिनेच लिहिलं. मी काय बोलणार? बांद्याच्या उतारावर माझ्या ट्रकने तुकारामचा पाय गेला, आणि त्या ट्रकचे ब्रेक आठ दिवसांपूर्वी तू बांधले होतेस. तपासणीत जॉइंट सैल निघाला. मी तुला कधी शिवी दिली नाही, एवढं लक्षात ठेव.

सावित्री वहिनींना नमस्कार.

सुदेश


शारजा, २८ ऑक्टोबर २००७

शिवा,

उत्तर नाही. बरं. मी लिहितोच.

गाडीशी माझं पटत नाही आणि पटतंही. सकाळी बंदरातून निघालो की पहिला अर्धा तास आम्ही भांडतो. एखादा टॅक्सीवाला मध्ये घुसला की ही लगेच घाबरून मागे सरकते, मग त्या जागेत दुसरा घुसतो, परत ही मागे. असं करत करत मी मालवणला परत पोचेन असं वाटतं. एकदा पुलाखालच्या लोखंडी कमानीला भिऊन तिने असा ब्रेक मारला की माझा चहा काचेवर. मी तिला मालवणीत जे काय सुनावलं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

पण एक दिवस मी पुढे बघत नव्हतो. रेडिओचं बटण शोधत होतो. तिने ओरडून ब्रेक मारला आणि पुढच्या टँकरच्या मागे हातभर जागा ठेवून उभी राहिली. मी खाली उतरलो, ती जागा पायाने मोजली, परत चढलो. त्या दिवसापासून भांडण कमी केलं आहे.

एक खोड मात्र लागली. पाय आळशी झाला. परवा कंपनीची जुनी पिकअप नेली, सिग्नलपाशी पुढच्या गाड्या थांबल्या, आणि मी वाट बघत बसलो की ही थांबेल. कशीबशी थांबवली. तू म्हणायचास, ड्रायव्हरचं डोकं पायात असतं. माझं आता बंपरात गेलं आहे.

आईने पार्सल पाठवलं. कोकमं, सोलं आणि एक काळी बाहुली, तिच्या पोटाशी घोड्याची नाल तारेने घट्ट बांधलेली. फोनवर म्हणाली, “झिला, गाडी आपल्याआपण थांबता म्हणतस. पण नजर लागली तर ती आपल्याआपण उतरता काय रे?” आमच्या आईपुढे, गंगूबाईपुढे, कोणाचं चाललं आहे! बांधली बंपराच्या मधोमध. पूर्वी आपल्या ट्रकलाही तिथेच असायची.

तुकाराम कसा आहे, कुबड्या घेतो की लाकडी पाय लावला, ते कळलं तर लिही. मला कोणाला विचारता येत नाही.

सुदेश


शारजा, १४ जानेवारी २००८

शिवा,

अपघात केला. कोणाला लागलं नाही, हे आधी लिहितो, म्हणजे तू पुढचं वाचशील.

इथे थंडीत सकाळी धुकं पडतं, वाळवंटात. आपल्या आंबोलीसारखं, पण झाडं नाहीत. सकाळी आठची वेळ. गाडीला साठ सांगून ठेवले होते आणि पुढच्या ट्रेलरचे दिवे दिसत होते. ते मोठे होत गेले. मला वाटलं, ही थांबेल. दिवे आणखी मोठे झाले. मग मात्र मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो. ट्रेलरच्या मागच्या बंपरला बसलीच. आमची जाळी फुटली, काच तडकली. पुढचा ड्रायव्हर पठाण होता, उतरला, मला हलवून बघितलं आणि पाणी दिलं.

आता खरी गोष्ट. वर्कशॉपचा मुख्य गोव्यातल्या म्हापशाचा आहे, झेवियर. आपल्याला कळेल अशी कोंकणी बोलतो. त्याने विचारलं, काय झालं? आणि माझ्या तोंडातून निघालं, “ब्रेक फेल.”

विचार करून बोललो नाही, शिवा. तोंडात तयारच होतं ते.

झेवियर हसला नाही की रागावला नाही. त्याने एक वायर गाडीला लावली, दुसरं टोक कॉम्प्युटरला, आणि दहा मिनिटांनी दोन कागद माझ्या हातात दिले. “ब्रेक फेल जालो म्हणटाय? हांगा पळय.” इथे बघ. त्यावर सगळं होतं. वेग किती, पाय कधी पडला, किती जोरात पडला. ब्रेक ठणठणीत होते. आणि त्याआधी चाळीस मिनिटं समोरच्या फळीवर पिवळा दिवा पेटलेला होता, की पुढचं मला दिसत नाही, तू बघ. मी तो बघितला नव्हता. बघितला होता, पण दिवे काय पेटतच असतात.

मग आम्ही बंपर बघायला गेलो. काळ्या बाहुलीची तार सैल होऊन ती खाली घसरली होती, आणि नाल बरोबर त्या पेटीच्या तोंडावर. लोखंडाची. गाडीचा डोळा मीच झाकला होता. झेवियरने ती सोडवली, माझ्या खिशात घातली आणि म्हणाला, “आवयक सांगूं नाका.” आईला सांगू नको. आईला मी सांगितलंही नाही.

महिनाभर मला गाडी नाही. यार्डात टायर मोजतो. ते दोन कागद माझ्या उशीखाली आहेत. मी रोज बघतो.

सुदेश


शारजा, ३ फेब्रुवारी २००८

शिवा,

हे पत्र चौथ्यांदा लिहितो. तीन फाडली. कागद फाडायला माझा हात होतो.

२६ फेब्रुवारी २००३. वर्ल्डकपची इंग्लंडबरोबरची मॅच. बर्फातली मासळी भरून मी मालवणहून निघालो तेव्हा सुरू व्हायची होती. सावंतवाडी सोडली तेव्हा आपली बॅटिंग रंगात होती आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. आपल्या ट्रकचं इंजिन कसं होतं तुला माहीत आहे, शेजारी बसलेल्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागायचं. बांद्याच्या अलीकडचा उतार लागला तसं मी इंजिन बंद केलं. कॉमेंट्री ऐकायला. एवढंच कारण.

तू आठच दिवसांपूर्वी सांगितलं होतंस, हात पुसत पुसत: “उतारार इंजिन बंद करू नको हां. ब्रेकाची हवा भरूची थांबता. चार-पाच येळा ब्रेक मारलस काय टाकी रिकामी, मगे पाय नुसतो खाली जातलो.” मी म्हटलं होतं, तू काय मला ड्रायव्हिंग शिकवतोस?

वळणं होती. सहा वेळा ब्रेक मारला. सातव्यांदा पाय नुसता खाली गेला. समोर तुकाराम सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता, कॅरियरवर काजूचं पोतं. मी हॉर्न वाजवला. त्याने पोतं सावरलं, स्वतःला सावरलं नाही.

ट्रक बांधावर चढून थांबला. कॉमेंट्री चालूच होती. लोक धावत येताना दिसले आणि मी पहिली गोष्ट काय केली असेल? तुकारामकडे गेलो नाही. चावी फिरवून इंजिन चालू केलं. मग उतरलो, आणि म्हटलं, ब्रेक फेल.

तुकारामच्या घरच्यांनी देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवून कौल लावला तेव्हा मी तिथे उभा होतो. तूही होतास, खांबापाशी. गुरवाने विचारलं, ब्रेक बांधणाऱ्याची चूक असेल तर उजवा दे. पाकळी उजवीकडची पडली. तुझ्याकडे सगळे वळले. मी तेव्हा मनात म्हटलं, देवानेच सांगितलं ना, मग माझं काही नाही. जवळजवळ पाच वर्षं मी त्या पाकळीवर झोपलो. आता कळतं की चालवणाऱ्याबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. प्रश्न मी घालून दिलेला होता.

मी तुझं नाव घालवलं, शिवा. गॅरेज घालवलं. जॉइंट कसा सैल झाला ते देव जाणे, धक्क्याने झाला असेल. पण ब्रेक चांगले होते.

रागाने का होईना, काहीतरी लिही.

सुदेश


मालवण, ११ मे २००८

शिवा,

एक महिन्याच्या रजेवर आलो आहे. काल शनिवार, तू घरी असशील म्हणून पिंगुळीला गेलो. तू या आठवड्यात आलाच नाहीस. मी येणार हे सुगंधाने पोचवलं असणार.

सावित्री वहिनींनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “भावजी, तुमची पत्रां सगळी हत. पयलां मीच फोडलंय. मगे ते आपणच वाचूक लागले.” मी विचारलं, काय म्हणाला? त्यांनी आधी आतल्या मुलाला पाण्याची कळशी भरायला सांगितली. मग म्हणाल्या, “चवथा वाचून इतक्याच म्हणाले, सगळा लिवल्यान, पण रेघेचा लिवल्यान नाय.”

मी पाणी तसंच ठेवून उठलो. गॅरेजपर्यंत चालत गेलो. शटरवर कोणीतरी खडूने लिहिलेलं ‘ब्रेकफेल शिवा’ अजून अर्धं दिसतं. ओल्या रुमालाने पुसलं.

तर रेघेचं.

तू नट आवळलास की वरून तांबडी रेघ मारायचास. नटावरून पाइपवर, बारीक ब्रशाने, चित्रकथी आणि बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या तुझ्या आजोबांच्या डबीतला रंग घेऊन. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लगेच दिसतं. कुडाळपासून बांद्यापर्यंत दुसरा कोणी मेस्त्री असं करत नव्हता. आम्ही ड्रायव्हर तुझी टिंगल करायचो, शिवा ट्रकला कुंकू लावतो म्हणून. लावून मात्र घ्यायचो.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी ट्रक चौकीच्या आवारात उभा होता. तपासणीचे साहेब दुपारी यायचे होते. हवालदार समोरच्या हॉटेलात नाश्ता करत होता. मी मागच्या डाव्या चाकापाशी आडवा झालो. पाना तूच दिलेला, चौदा-पंधराचा. तुझी रेघ अखंड होती, शिवा. नवी कोरी. त्यावर पाना ठेवला आणि दीड फेरा सोडला. रेघेचे दोन तुकडे झाले ते मी माझ्या डोळ्यांनी बघितले.

साहेबांनी लिहिलं, जॉइंट सैल. तू तेव्हा देवळात सांगत होतास, “माझी रेघ मोडली हा. रेघ मारल्यावर कोणीतरी पानो लावलो हा.” लोक हसले. एक जण म्हणाला, ह्यो बाहुल्या नाचवणाऱ्यांच्या घरातलो, ह्येका चित्रांत दिसता सगळा. मीही हसलो होतो. तू माझ्याकडे बघितलंस, आणि त्यानंतर कधी बघितलं नाहीस. तुला त्याच वेळी कळलं होतं पाना कोणाचा ते. तू माझं नाव का घेतलं नाहीस हे मला अजून कळत नाही. घ्यायला हवं होतंस.

झेवियरच्या कॉम्प्युटरच्या आधी तुझी रेघ होती. तीही सगळं लिहून ठेवत होती. वाचता येणारे आपण दोघेच होतो, आणि मी खोटं बोललो.

पाना अजून माझ्याकडे आहे. चोवीस तारखेचं विमान आहे. त्याआधी जे करायचं ते करतो.

सुदेश


पिंगुळी, १९ मे २००८

शिवा,

हे पत्र तुझ्या शटरसमोर, उलट्या ठेवलेल्या ड्रमवर बसून लिहितो. ऊन टळटळीत आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

शुक्रवारी बांद्याला चौकीत गेलो. ठाणे अंमलदाराला वाटलं मी दारू पिऊन आलो. पाच वर्षांपूर्वीची केस, बंद झालेली, आणि हा सांगतो माझीच चूक. दोनदा विचारलं, कोणाचा दबाव आहे का? मग जबाब लिहून घेतला, पाना ठेवून घेतला आणि पासपोर्टही. वरून हुकूम येईपर्यंत जिल्हा सोडायचा नाही. चोवीसचं विमान माझ्याशिवाय जाईल. जर्मन गाडी दुसऱ्या कोणाला मिळेल. त्याला कोणीतरी सांगायला हवं की पिवळ्या दिव्याकडे बघ.

काल तुकारामच्या गावी गेलो. देवळात माणसं जमवायला सांगितली होती. चाळीसेक होती. गुरव म्हणाला, “कौल लावया?” मी म्हटलं, “नको. माका विचारूचा कायेक नाय. सांगूचा आसा.” आणि सांगितलं. मॅच, इंजिन, चावी, नट. सगळं उभ्यानेच सांगितलं.

तुकारामची बायको मध्येच उठून गेली. दोघं-तिघं अंगावर आले. त्यांना तुकारामनेच कुबडी आडवी घालून थांबवलं. मग म्हणाला, “पाय गेलो तो गेलो. पण पाच वर्सां मी भलत्याच माणसाक गाळी घातलंय, तेचा काय करूचा?” मी रडलो, शिवा. चाळीस माणसांत.

त्याने मला क्षमा केली नाही. मी मागितली तेव्हा तो दुसरीकडे बघत होता. ते बरोबरच आहे.

आज सकाळी कशाला इथे आलो कोण जाणे. शटरपाशी झाडलोट करावी असं वाटलं. साडेनऊला एक टेम्पो येऊन उभा राहिला. उतरला तो तुकारामचा मुलगा निकेत. अपघाताच्या वेळी शाळेत होता, आता हा टेम्पो चालवतो, काजू बी भरून वेंगुर्ल्याला नेतो. मला वाटलं, हा मारणार. तयारीने उभा राहिलो. त्याने मला ओळखलं आणि न ओळखल्यासारखं केलं.

“मेस्त्री खंय आसत?” त्याने विचारलं.

म्हटलं, गोव्यात.

“बाबान धाडल्यान. ब्रेकाचा लायनिंग बदलूक होया, उतारार आवाज येता. बाबा म्हणता शिवा मेस्त्रीकडेच घाल, कितके दिस लागले तरी चलात.” मग तो चाकापाशी वाकला आणि म्हणाला, “आणि ती तांबडी रेघ मारूक सांग. माका बघूची आसा.”

मी म्हटलं, मी जुना ड्रायव्हर आहे, चाक उतरवून ठेवतो, तेवढंच काम पुढे जाईल. तो म्हणाला, “तू हात लावू नको.”

किल्ली मात्र ठेवून गेला. बांद्याला एसटीने गेला. चाकांना दगड लावून ठेवले आहेत, हात दुसऱ्या कशालाही लावलेला नाही. टेम्पो शटरसमोर आडवा उभा आहे आणि रस्त्यावरून जाणारे बघून जातात.

सावित्री वहिनींकडून शटरची चावी आणली. आत सगळं आहे तिथेच आहे, फक्त रंगाच्या डबीतला रंग वाळून दगड झाला आहे. मी कुडाळला जाऊन नवीन डबी आणली, तांबडीच. ब्रश आणला नाही, तो तुझा तू निवडतोस.

सुदेश